ॲनीलिंगनंतर सोपा अक्ष फिरला, तर फिल्मबरोबर भट्टीचीही चौकशी करा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही कळेल. सिलिकॉनवर, त्याच्या नैसर्गिक ऑक्साइडसकट, तुम्ही ६० अंश तिरक्या कोनातून २० नॅनोमीटर परमॲलॉय स्पटर केलंत, म्हणजे धातूच्या तुकड्यावर आयनांचा मारा करून उडालेल्या अणूंचा थर चढवलात. निकेल ८०, लोखंड २०. फिल्म नॅनोस्तंभांची झाली. सोपा अक्ष, म्हणजे चुंबकन (फिल्ममधलं एकूण चुंबकत्व) ज्या रेषेत आपणहून पडून राहतं ती रेषा, अणू ज्या प्रतलातून येत होते त्याला काटकोनात आला. ॲनायसोट्रॉपी म्हणजे एका रेषेकडे असलेली ही ओढ; तिची ताकद, म्हणजे ॲनायसोट्रॉपी फील्ड, ६० एर्स्टेडच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) घरात. मग ट्यूब फर्नेसमध्ये, निर्वातात, ४०० अंश सेल्सिअसला तासभर ॲनील केलं, म्हणजे तापवून गार केलं. पहिल्या तुकड्याचा अक्ष ९० अंशांनी फिरला आणि ॲनायसोट्रॉपी फील्ड जेमतेम ५ एर्स्टेड उरलं. दुसऱ्याचा अक्ष होता तिथेच राहिला, पण तोही तेवढाच कमजोर. गाइड म्हणतात फिल्म बिघडली, नवी करा. तुमचं म्हणणं असं, की तापवल्यावर दिशा पुसली जाते हे पटतं, पण ती फिरते कशी? आणि उष्णता ॲनायसोट्रॉपी मारत असेल तर लोक आयर्न-प्लॅटिनम मुद्दाम ५००-६०० अंशांना का तापवतात?

गाइडचा मान राखून सांगते, नवी फिल्म करायची घाई करू नका. तुमच्या हातात आहेत ते दोन तुकडे बरंच काही सांगतायत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण माझ्या मते तुमचा गोंधळ तिथेच आहे. उष्णतेला स्वतःची दिशा नसते. भट्टीत ठेवलेल्या तुकड्याला ती सगळीकडून सारखीच लागते. ती अणूंना फक्त हलायची मुभा देते. मुभा मिळाल्यावर अणू कुठल्या बाजूला सरकतात हे ठरवणारं दुसरं कुणीतरी असतं: बाहेरचं चुंबकीय क्षेत्र, थरातला ताण, स्तंभांची ठेवण, खालच्या स्फटिकाची रचना, किंवा दोन थरांमधली सीमा. त्यामुळे ‘तापवल्याने ॲनायसोट्रॉपीचं काय होतं’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. फिल्म गरम असताना तिला कोण कुठे ओढत होतं, हे विचारावं लागतं.

दुसरी गोष्ट, तुम्ही मोजमाप खोलीच्या तापमानाला केलंय, फिल्म थंड झाल्यावर. हे बरं झालं. गरम असतानाच मोजलं असतं तर आणखी एक परिणाम मिसळला असता, जो थंड झाल्यावर परत फिरतो. तापमान वाढलं की चुंबकन घटतं. स्तंभांच्या आकारामुळे येणारी ॲनायसोट्रॉपी चुंबकनाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. स्फटिकाची स्वतःची बहुधा त्याहून वेगाने घसरते. षट्कोनी कोबाल्ट हे याचं सुंदर उदाहरण. खोलीच्या तापमानाला त्याचा सोपा अक्ष स्फटिकाच्या उभ्या अक्षावर असतो. २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तो कलू लागतो आणि ३३०च्या सुमारास पूर्ण आडवा होऊन तळाच्या प्रतलात जातो. थंड करा, परत उभा. एकही अणू जागचा हललेला नसतो. तुमच्याकडे थंड झाल्यावरही बदल टिकलाय, म्हणजे अणू खरोखर हललेत.

आता तुमच्या ६० एर्स्टेडचं काय झालं ते बघू. तिरक्या कोनातून येणाऱ्या अणूंमुळे पुढचा उंचवटा मागच्यावर सावली टाकतो. येणाऱ्या दिशेत स्तंभांमध्ये फटी पडतात, आडव्या दिशेत मात्र शेजारचे स्तंभ एकमेकांना चिकटून रांगा होतात, शेतातल्या सरींसारख्या. चुंबकनाला फटी ओलांडण्यापेक्षा रांगेच्या लांबीत पडून राहणं स्वस्त पडतं. म्हणून तुमचा अक्ष काटकोनात आला. कोन ७०-७५च्या पुढे नेलात तर स्वतः स्तंभच इतके लांब आणि तिरके होतात की अक्ष उलट येणाऱ्या दिशेकडे वळतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या फटी किती तापमानाला बुजतात? माझा ढोबळ हिशेब असा, की धातूच्या वितळणबिंदूच्या तीन-दशांशाला, केल्विनमध्ये मोजून, पृष्ठभागावरचे अणू आणि कणसीमांवरचे अणू चालू लागतात. परमॲलॉय साधारण १७२० केल्विनला वितळतं. त्याचे तीन-दशांश म्हणजे ५१५ केल्विनच्या आसपास, अर्थात २४०-२४५ अंश सेल्सिअस. तुम्ही ४००ला तासभर ठेवलंत. फटी बऱ्याचशा बुजल्या असणार, कण वाढले असणार. स्तंभांची ॲनायसोट्रॉपी जाणं यात नवल काहीच नाही. नवल आहे ते उरलेल्या ५ एर्स्टेडचं.

हा आकडा वाचला आणि माझे कान टवकारले. परमॲलॉय चुंबकीय क्षेत्रात बनवलं किंवा क्षेत्रात ॲनील केलं तर जी ॲनायसोट्रॉपी येते, ती नेमकी ४-५ एर्स्टेडची असते. कारण १९५०च्या दशकात नील, तानिगुची आणि यामामोतो यांनी मांडलं. मिश्रधातूत निकेल-निकेल, लोखंड-लोखंड, निकेल-लोखंड अशा शेजारजोड्या असतात, आणि चुंबकनाच्या रेषेत कुठली जोडी असावी याबाबत ऊर्जेचा अगदी किंचित फरक असतो. अणूंना हलायची मुभा असेल तर त्या वेळी चुंबकन जिथे असेल, त्या रेषेच्या हिशेबाने जोड्यांची वाटणी थोडीशी कलते. गार झाल्यावर ती तशीच गोठते. बारीक कणांच्या फिल्ममध्ये हे २०० ते ३०० अंशांतच घडतं. शुद्ध निकेल किंवा शुद्ध कोबाल्टमध्ये हा प्रकारच नाही, सगळे शेजारी एकसारखेच.

तुम्ही म्हणाल, मी तर क्षेत्र लावलंच नव्हतं.

मीही हेच म्हणत होते. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट, आज २२ वर्षं झाली या कामाला. आमच्या ट्यूब फर्नेसमधून निघणाऱ्या प्रत्येक परमॲलॉय फिल्मचा सोपा अक्ष ठरावीक बाजूला यायचा. टार्गेट बदललं, वेफरचा लॉट बदलला, पंप उघडून साफ केला. शेवटी एका तंत्रज्ञाने सहज विचारलं, ‘मॅडम, तुकडा आत कसा ठेवता?’ मी तुकड्याची खूण नेहमी ट्यूबच्या तोंडाकडे करून ठेवायचे. सवयच. आणि अक्ष नेहमी ट्यूबच्या लांबीत यायचा. भट्टीची हीटर-तार ट्यूबभोवती वेटोळी गुंडाळलेली असते, म्हणजे तो सरळसरळ सॉलेनॉइड, वीज गेली की लांबीत चुंबकीय क्षेत्र देणारं वेटोळं. मीटरला २०० वेढे आणि ८ अँपिअर धरले तर १६०० अँपिअर प्रति मीटर, म्हणजे २० एर्स्टेड होतात. वर कांथलची (लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची हीटरची) तार स्वतःच ६०० अंशांच्या आसपासपर्यंत लोहचुंबकीय असते, गार तारेला चुंबक चिकटवून बघा. इतक्या क्षेत्रापुढे ४-५ एर्स्टेडवाल्या परमॲलॉयची काय बिशाद!

‘पण हीटरला एसी करंट असतो, सेकंदाला पन्नासदा उलटसुलट, सरासरी शून्य’ असा आक्षेप मी तेव्हा घेतला होता आणि तो चूक होता. अणूंच्या जोड्यांना बाणाचं टोक कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही, त्यांना फक्त रेषा कळते. चुंबकन पुढेमागे उलटत राहिलं तरी ट्यूबच्या रेषेतच उलटतं, आणि अक्ष त्याच रेषेत बसतो. दिशा देणारं क्षेत्र एसी असलं तरी काम होतं.

आता तुमच्या तुकड्यांकडे परत. सुरुवातीला स्तंभांचे ६० एर्स्टेड भट्टीच्या २०ला जुमानत नसणार. तापमान चढलं, चुंबकन घटलं, फटी बुजत गेल्या, आणि कुठेतरी ६०चे १५-२० झाले. तिथून सत्ता भट्टीकडे गेली. पहिला तुकडा ट्यूबला आडवा ठेवला गेला असेल तर अक्ष ९० अंश फिरणार. दुसरा योगायोगाने लांबीत ठेवला असेल तर अक्ष जागेवरच राहणार, पण स्तंभ गेल्यामुळे कमजोर. दोन्ही निरीक्षणं एका कारणात बसतात.

बसतात म्हणून ते खरंच असं नाही. दुसऱ्या तुकड्यावरून तर काहीच सिद्ध होत नाही, कारण बाहेरचं क्षेत्र अजिबात नसलं तरी फिल्म स्वतःच्याच चुंबकनाच्या रेषेत जोड्या गोठवते. जुन्या अक्षाची आठवण अशीही उरू शकते. आणि पहिल्या तुकड्यालाही एक पर्यायी स्पष्टीकरण आहे. वर म्हटलं तसं, तिरक्या फिल्ममध्ये दोन ओढी असतात: रांगांची आडवी, आणि स्तंभांच्या कलाची येणाऱ्या दिशेतली. दोन्ही एकमेकींच्या काटकोनात. ६० अंशांना पहिली जिंकते. ॲनीलिंगमध्ये रांगांमधल्या फटी आधी बुजल्या आणि स्तंभांचा कल थोडा उरला, तर दुसरी जिंकेल आणि अक्ष तसाच ९० अंश फिरेल, भट्टीचा काही संबंध नसताना.

इथे थोडं थांबते, कारण ‘अक्ष हळूहळू फिरेल ना, एकदम ९० कसा’ हे पुष्कळांना खटकतं. एकाच प्रतलातल्या दोन एकाक्षी (एकाच रेषेकडे खेचणाऱ्या) ओढींची बेरीज केली तर उत्तर पुन्हा एकाक्षीच येतं. ती बेरीज सदिशांसारखी करायची, पण कोन दुप्पट धरून. काटकोनातल्या दोन ओढींचे दुप्पट कोन १८० अंशांवर येतात, म्हणजे त्या थेट वजा होतात. एक ६०, दुसरी ५५, तर उरतात ५, मोठीच्या बाजूने. मोठी जराशी घटून ५० झाली की पुन्हा ५ उरतात, पण आता उलट बाजूने. मधल्या क्षणी फिल्म जवळपास समदिश असते, म्हणजे सगळ्या दिशा तिला सारख्याच. अक्ष टप्प्याटप्प्याने फिरताना दिसायला हवा असेल तर दोन ओढी तिरप्या कोनात असाव्या लागतात. तुकडा ट्यूबमध्ये ४५ अंशांत ठेवलात तर कदाचित तेही बघायला मिळेल.

या दोहोंखेरीज रसायनशास्त्राचा हात आहे का, ते परिस्थितीवर अवलंबून आहे; मुख्यतः तुमचं निर्वात किती चांगलं आहे आणि फिल्मवर टोपी, म्हणजे तिला वाचवणारा वरचा थर, आहे का यावर. तुम्ही कॅपिंग थराचा उल्लेख केलेला नाही. दाब १०च्या उणे ६व्या घाताइतके टॉर असला तरी सेकंद-दोन सेकंदांत पृष्ठभागावर वायूचा एक रेणू-थर बसू शकेल इतके रेणू आदळतात. तुम्ही तर तासभर तापवलंत. वरून लोखंड आधी ऑक्साइडमध्ये जातं आणि उरलेली फिल्म निकेलकडे झुकते. खालून, नैसर्गिक ऑक्साइड कुठे फाटला तर निकेल सिलिकॉनमध्ये शिरतं. निकेल सिलिसाइड २००-२५० अंशांपासूनच बनू लागतं. तेव्हा उरलेली फिल्म लोखंडाकडे झुकते. परमॲलॉयची सगळी पुण्याई ८०-२०च्या आसपास चुंबकीय आकुंचन-प्रसरण जवळजवळ शून्य असण्यात आहे. प्रमाण ढळलं की ताणाचा परिणाम चालू होतो, निकेल वाढलं तर एका चिन्हाचा, लोखंड वाढलं तर दुसऱ्या.

याची परीक्षा सोपी आहे आणि तुम्ही मोजलेल्या लूपमध्येच, म्हणजे क्षेत्र बदलत चुंबकन मोजून काढलेल्या आलेखातच, ती दडलीय. संपृक्त चुंबकन (क्षेत्र वाढवूनही आणखी वाढत नाही ते) ॲनीलिंगच्या आधी आणि नंतर किती? ५ बाय ५ मिलिमीटरच्या तुकड्यात २० नॅनोमीटर परमॲलॉयचं साधारण ०.४ मिलि-ईएमयू (चुंबकी आघूर्णाचं एकक) यायला हवं. ते ०.३ झालं असेल तर ५ नॅनोमीटर फिल्म कुठेतरी खर्ची पडलीय, मग आधी तो शोध. जवळजवळ तेवढंच असेल तर रसायनशास्त्र बाजूला ठेवा. फक्त खालच्या सिलिकॉनमुळे लूपला येणारा उतार वजा करायला विसरू नका, आणि तुकडा लोखंडी चिमट्याने उचलत असाल तर आजपासून प्लास्टिकचा घ्या.

आयर्न-प्लॅटिनमबद्दल. तिथेही उष्णता तेच करते, अणूंना मुभा देते, पण वाट पाहणारी रचना वेगळी असते. स्पटर केल्यावर लोखंड आणि प्लॅटिनम विस्कळीत मिसळलेले असतात, घनाकृती जाळीत, ॲनायसोट्रॉपी नगण्य. ५००-६०० अंशांना ते आळीपाळीने थरांत बसतात, एक थर लोखंडाचा, एक प्लॅटिनमचा, आणि ॲनायसोट्रॉपी सुमारे ७० लाख ज्यूल प्रति घनमीटर होते. तुमच्या ५ एर्स्टेडवाल्या परमॲलॉयचा हिशेब केला तर येतात २०० ज्यूल. म्हणून आयर्न-प्लॅटिनमचे काही नॅनोमीटरचे कणही खोलीच्या तापमानाला चुंबकन धरून ठेवतात आणि उष्णतेच्या मदतीने लिहिणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये तेच वापरतात. पण गंमत बघा, काचेवर नुसती तापवली तर थर कुठल्याही बाजूला रचले जातात आणि सोपे अक्ष सगळीकडे विखुरतात. ते उभे हवे असतील तर खाली योग्य दिशेचा मॅग्नेशियम ऑक्साइड लागतो. बळ उष्णतेतून मिळालं, दिशा खालच्या स्फटिकाने दिली.

कोबाल्ट-आयर्न-बोरॉनचंही तसंच. एखाद-दीड नॅनोमीटरची ही फिल्म स्पटर केल्यावर अस्फटिकी असते. ३०० अंशांच्या आसपास बोरॉन बाहेर पडून शेजारच्या टॅन्टलममध्ये जातो आणि उरलेला धातू मॅग्नेशियम ऑक्साइडचा कित्ता गिरवत स्फटिक होतो. सीमेवरच्या लोखंड-ऑक्सिजन बंधांमुळे अक्ष फिल्ममधून उभा बाहेर येतो. जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या गटाने २०१०मध्ये १.३ नॅनोमीटर थर वापरून हे दाखवलं आणि आजच्या चुंबकीय मेमरीचा बराचसा डोलारा त्यावर उभा आहे. तीच फिल्म ४००ला नेली तर टॅन्टलम स्वतःच सीमेकडे सरकतो आणि उभी ॲनायसोट्रॉपी ढासळते. म्हणून लोक त्याच्या जागी टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम वापरतात. आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण, कोबाल्टचे पातळ थर एकदा प्लॅटिनमबरोबर रचा, एकदा सोन्याबरोबर. कोबाल्ट-प्लॅटिनम एकमेकांत विरघळतात, त्यामुळे जास्त तापवलं की सीमा पुसट होते आणि उभी ॲनायसोट्रॉपी जाते. कोबाल्ट-सोनं यांचं पटत नाही. २५०-३०० अंश दिले की मिसळलेले अणू आपापल्या घरी परततात, सीमा धारदार होते आणि उभी ॲनायसोट्रॉपी वाढते. सारख्याच भट्टीत, जवळपास सारख्याच तापमानाला.

आता तुम्ही काय करावं. पहिलं, फक्त ० आणि ९० अंशांच्या दोन लूपवरून अक्ष ठरवू नका. दर १० अंशांनी अर्धा फेरा मारा आणि अवशिष्ट चुंबकन (क्षेत्र काढल्यावर उरणारं) कोनानुसार काढा. आठाचा आकार आला तर एकाक्षी, वर्तुळ आलं तर समदिश, चार पाकळ्या आल्या तर मला पुन्हा लिहा, मग गोष्ट वेगळी आहे. तुकडा चौकोनी कापल्यामुळे कडांचा परिणाम होईल ही भीती नको. २० नॅनोमीटर जाडी आणि ५ मिलिमीटर रुंदी असताना तो एर्स्टेडच्या शंभराव्या हिश्शांत असतो.

दुसरं, थेट ४०० नको. १५०, २००, २५०, ३०० असे टप्पे घ्या, दर टप्प्यानंतर मोजा. एकच तुकडा टप्प्याटप्प्याने तापवला तर आधीच्या टप्प्यांचा इतिहास साचतो. वेगवेगळे तुकडे घेतले तर तिरक्या फिल्ममध्ये वेफरच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत जाडी आणि कोन दोन्ही बदलतात. मी एक तुकडा बळी देते आणि शेवटच्या तापमानाला वेफरच्या मधल्या भागातला एक ताजा तुकडा ताडून बघते. थर्मोकपल भट्टीच्या भिंतीला नको, तुकड्याशेजारी हवं. आमच्याकडे एकदा दोघांत ४० अंशांचा फरक निघाला होता.

तिसरं, क्षेत्र मुद्दाम लावायचं ठरवलंत तर फिल्म १०० अंशांच्या खाली येईपर्यंत काढू नका. एका गुरुवारी आमची वीज गेली. इलेक्ट्रोमॅग्नेट क्षणात बंद, भट्टी मात्र २८० अंशांवरून निवांत गार होत राहिली. त्या खेपेच्या फिल्मचे अक्ष असे विखुरले की महिन्याचं काम वाया गेलं. तेव्हापासून मी समेरियम-कोबाल्टचे कायमचे चुंबक वापरते. ३०० अंशांपर्यंत ते टिकतात, साधे निओडिमियमचे ८०च्या पुढेच मान टाकू लागतात.

आणि सगळ्यात आधी करायची गोष्ट शेवटी सांगते, कारण तिला एक दिवस पुरेल. एकाच पट्टीतून शेजारशेजारचे दोन तुकडे कापा आणि पट्टीच्या लांबीची दिशा दाखवणारी खूण दोघांच्या मागे हिऱ्याच्या टोकाने ओरखडा. एक खूण ट्यूबच्या लांबीत, दुसरी आडवी, असे दोन्ही एकाच वेळी एकाच ॲल्युमिना बोटीत ठेवा आणि ४००ला तासभर तापवा. बाहेर काढल्यावर दोघांचे अक्ष आपापल्या खुणेच्या हिशेबाने एकाच बाजूला आले, तर स्तंभांचं काम. खुणेच्या हिशेबाने काटकोनात आले, म्हणजेच भट्टीच्या हिशेबाने एकाच बाजूला, तर हीटरच्या तारेचं. निकाल आला की कोन आणि संपृक्त चुंबकन दोन्ही आकडे इथे टाका, आणि भट्टीची तार किती वेढ्यांची आहे तेही.